डावा पाय ऊन लागतोय

तीर्थस्वरूप आत्यास,


मृग लागला. रोहिणीत टाकलेलं भात आता रुजून वर आलं असेल. आणखी तीन-चार आठवड्यांनी कोळवण खोऱ्यातली खाचरं भरतील, चिखलणी होईल आणि तू काष्टा घालून, पाठीवर प्लास्टिकचा कागद घेऊन लावणीला उतरशील. गेल्या वर्षी लावणीच्या दिवसांत जे झालं, ते यंदाच्या पावसाआधी मला लिहून काढायचं होतं. हे पत्र तुला पोस्टाने येईलच, पण मासिकातही देते आहे. तुला विचारलं तेव्हा तूच म्हणालीस, "दे की. माज्यासारख्या बाया गावोगाव हायेत, त्यांना कुनीतरी वाचून दाखवंल."

आधी माफी मागते. त्या रात्री साडेनऊला तुझा फोन आला. "डावा पाय उजव्यापेक्षा ऊन लागतोय गं," एवढंच म्हणालीस. मी विचारलं, दुखतंय का? "न्हाय." सूज? "आसंल थोडी, दिव्यात दिसंना." ताप? "न्हाय." मग मी सांगून टाकलं, दिवसभर चिखलात उभी होतीस, चिखल्या झाल्या असतील, मलम लाव आणि झोप. त्याच्या दोन दिवस आधी गावाकडच्या एका दवाखान्यातही तुला चिखल्याच सांगून मलमाची ट्यूब दिली होती. म्हणजे एकाने पाय वरवर पाहून आणि मी तर न पाहताच तुला गप्प केलं.

तू झोपली नाहीस. पहाटेच्या गाडीने कोथरूडला माझ्याकडे आलीस आणि दारातच म्हणालीस, "तुजं ऐकलं मी. पन मन घेईना."

डॉक्टरांनी करंगळीच्या मुळाशी तळवा उघडला, तेव्हा आत करवंदीचा मोडका काटा होता, नखाएवढा. बांधावरच्या कुंपणातला. त्याच्याभोवती पू धरला होता आणि तो आत हाडाच्या दिशेने सरकत होता. अकरा दिवस तू दवाखान्यात होतीस. बोट वाचलं. आणखी चार दिवस गेले असते तर ते वाचवता आलं नसतं, असं त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. ते वाक्य मी तुला आजवर सांगितलं नव्हतं.

दुखत नव्हतं, ताप नव्हता, तरी तुला कळलं कसं? हे मी तुला वॉर्डात विचारलं होतं. तू अगदी सहज म्हणालीस, "गाईची कास बघते, तसं बघितलं."

आत्या, त्या उत्तरावर मी वर्षभर विचार करते आहे. धार काढायला बसलीस की आधी तुझा हात चारही सडांवरून फिरतो. एक सड बाकीच्या तिघांपेक्षा ऊन लागला की दूध फाटायच्या आधी, गाय लाथ मारायच्या आधी तुला कळतं की दगडी व्हायला लागली. गाय बोलत नाही, म्हणून तू हाताने विचारायला शिकलीस. त्या रात्री पाय धुताना तोच हात तू स्वतःच्या पायांवरून फिरवलास. तुझा पायही बोलेनासा झाला होता, हे तेव्हा तुला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. पण हाताला सवय होती.

पायाच्या जखमांवर काम करणारे डॉक्टर हेच यंत्राने करतात. दोन्ही तळव्यांवरच्या त्याच त्या जागांचं तापमान रोज मोजायचं. दोन पायांतला फरक २.२ अंश सेल्सियसपेक्षा जास्त असला आणि तो दुसऱ्या दिवशीही टिकला, तर जखम दिसत नसली तरी आत काहीतरी सुरू झालंय असं धरायचं, चालणं कमी करायचं आणि दाखवायचं. मोठमोठे अभ्यास करून काढलेली ही युक्ती तुझ्या गोठ्यात आधीपासून होती. म्हणून 'मला असं वाटलं' असं चाचरत म्हणू नकोस. ती पन्नास वर्षांची नजर आहे आणि हाताचं शिक्षण आहे. पुढच्या वेळी कोणी, डॉक्टर असो की मी, 'काही नाही हो' म्हणालं, तर सरळ सांग: हात लावून बघा.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हे पत्र अर्धवट राहील.

आठवतं, दवाखान्यातून सोडण्याआधी डॉक्टरांनी तुला डोळे मिटायला सांगितलं होतं? एक बारीक नायलॉनचा दोरा तळव्यावर टेकवायचा, तो वाकेपर्यंत दाबायचा आणि विचारायचं, कळतंय का. दहा ग्रॅमचा दाब असतो तो. उजव्या पायाला तू दोन-तीनदा 'हो' म्हणालीस. डाव्या पायाच्या वेळी बराच वेळ गप्प बसलीस आणि मग विचारलंस, "लावला का अजून?" तेव्हा त्यांचा पाच जागी लावून झाला होता. मी तुझ्या उशाशी उभी होते. माझ्या पोटात खड्डा पडला.

तुझ्यासारखा मधुमेह असला आणि साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. आधी मुंग्या येतात, जळजळ होते, मग तेही थांबतं आणि माणसाला वाटतं, बरं झालं, जळजळ गेली. म्हणूनच काटा रुतताना तुला कळलं नाही. याचा अर्थ मला असा लागतो: तुझं मन 'काहीतरी चुकतंय' म्हणालं तर त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेव. पण ते 'सगळं बरं आहे' म्हणालं, तर पायांच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नकोस. कुत्रा भुंकला तर चोर आहे असं समजायचं; म्हातारा झालेला कुत्रा भुंकला नाही, म्हणून चोर नाही असं समजायचं नाही. तिथे कंदील घेऊन आपणच फेरी मारायची.

ती फेरी म्हणजे संध्याकाळची पाच मिनिटं. लावणीला अनवाणी जाऊ नकोस असं शहरातला कोणीही तुला सांगेल. मी सांगत नाही, कारण गुडघाभर गाळात गमबूट रुततो आणि त्यातून पाय काढताना माणूस पडतो, हे मी लहानपणी तुमच्याकडे पाहिलं आहे. पण बांधावरून, गोठ्यात, अंगणात चप्पल हवीच, मागे पट्टा असलेली, आणि घालण्याआधी ती उलटी करून झटकायची. यंदा इर्जिकीत स्वतः गाळात उतरण्याऐवजी रोपांच्या मुठी बांधून देण्याचं काम मागून घे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या खाचरात राबलीस, कोणी नाही म्हणणार नाही. उतरलीसच तर वर आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्यांतून जुनं मऊ लुगडं फिरवून कोरडं कर. तळव्याला खोबरेल लावलंस तरी बेचक्यांत नको, तिथे ओल धरते. तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेव, नाहीतर काकांना चष्मा लावून बघायला सांग.

आणि शेकोटी. आत्या, याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. ताम्हिणीकडून येणारा तो पाऊस, दिवसभर भिजून आल्यावर चुलीपुढे पाय पसरून बसायचं सुख, हे मला कळतं. पण डाव्या पायाला ऊब कधी संपली आणि भाजणं कधी सुरू झालं, हे कळणार नाही. पाय कोरडे करून लोकरीचे मोजे घाल, घोंगडी घे, चुलीपासून लांब बस. आंघोळीचं पाणीही पाय घालून बघायचं नाही, कोपराने बघायचं. पाण्याचा आणखी एक धोका: खाचरात साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळतं आणि पायाच्या चिरेतून लेप्टोस्पायरोसिसचा जंतू शरीरात शिरतो. लावणीनंतर दोन-चार आठवड्यांत ताप आला आणि पिंढऱ्या भरून आल्या, तर 'भिजले म्हणून कणकण' असं म्हणून घरी थांबायचं नाही. पौडच्या ग्रामीण रुग्णालयात जायचं आणि खाचरात काम केलंय, हे आपण होऊन सांगायचं.

तुझ्या मनाने बरोबर सांगितलं आणि आम्ही ऐकलं नाही, असं गेल्या वर्षी पहिल्यांदा घडलं नाही. बारा वर्षांपूर्वी तू म्हणत होतीस की रात्री चार-चारदा उठावं लागतंय, तांब्या संपतो तरी तहान जात नाही, मला साखर झाली असंल. सगळे हसले. एवढ्या बारीक, कष्टाच्या बाईला कुठली साखर, ती शेटजींना होते. वर्ष तसंच गेलं. आपल्या पुण्याच्याच केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक कितीतरी आधीपासून सांगत होते की आपल्याकडचा माणूस दिसायला बारीक असला तरी आतून चरबीचा असू शकतो. त्यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे, २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं अगदी सारखं, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. तेव्हा तुझ्यावर हसणाऱ्यांचं ज्ञान जुनं होतं आणि तुझा संशय खरा होता. 'इंडियाब' या मधुमेहाच्या पाहणीचे २०२३ साली आलेले आकडे सांगतात की देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यात बारीक अंगाच्या, शेतात राबणाऱ्या कितीतरी बाया असतील, ज्यांना अजून कोणी तपासलेलंच नाही.

तीन वर्षांपूर्वीची आषाढी एकादशी आठवते? सकाळी तू सुनेला म्हणालीस, आज पोटात काही नाही, ही गोळी घेऊ नये असं वाटतंय. तिने डब्यावर लिहिलेलं वाचलं, रोज सकाळी एक. तिचंही चुकलं नाही. तू गोळी घेतलीस, पाण्यावर राहिलीस, दुपारी देवळात घामाने निथळलीस आणि कारण नसताना शेजारणीवर ओरडलीस. घरी आणून बोट टोचलं तर ५८. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात अन्न आहे की नाही हे बघत नाही, ती साखर खाली ओढतच राहते. तुझी शंका रास्त होती, फक्त ती विचारायची जागा चुकली. उपासाच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारायचं की उद्या या गोळीचं काय करू. मनाने गोळी बंद करायची नाही आणि मनात शंका असताना गिळायचीही नाही.

साखर ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची, चढली नसेल तर पुन्हा तेच. लाडू-पेढा नको, तुपामुळे त्यातली साखर उशिरा चढते. मशीन जवळ नसेल आणि 'कसंतरी होतंय' असं वाटलं, तर मोजायची वाट न बघता आधी साखर घ्यायची. इथे तुझं 'कसंतरी' हाच पुरावा. साखरेची पुडी कमरेच्या पिशवीत तंबाखूच्या जागी ठेव. (तंबाखू सोडलीस हे तू केलेलं फार मोठं काम आहे.)

पण हा पहारेकरीसुद्धा थकतो. साखर वरचेवर खाली जाऊ लागली की शरीर थरथर, घाम असे इशारे देणं कमी करतं. रक्तदाबाच्या काही गोळ्या छातीतली धडधड दाबून टाकतात, घाम मात्र येत राहतो. आणि लावणीच्या कष्टाने साखर त्या दिवशीच उतरते असं नाही, रात्रीही उतरत राहते. म्हणून लावणीच्या दिवसांत झोपण्याआधी एकदा बोट टोचायचंच, बरं वाटत असलं तरी. उशी घामाने भिजली, स्वप्नं वाईट पडली, सकाळी डोकं जड वाटलं, तर वहीत लिहून ठेव आणि डॉक्टरांना दाखव.

मशीनचंही सगळं खरं मानायचं नाही, हे तूच मला शिकवलंस. गेल्या वैशाखात रायवळ आंबे पिळत होतीस, मध्येच उठून तपासलं तर २९० आले. माझा चेहरा उतरला. तू म्हणालीस, "हे खोटं हाय. तसं अंग वाटत न्हाय." हात धुतलेस, पुसलेस, पुन्हा टोचलंस. १४८. बोटाला लागलेला आमरस मशीनने मोजला होता. आता पावसात पट्ट्यांची डबी उघडी राहिली तर दमट हवेने पट्ट्या खराब होतात आणि खोटं सांगतात. झाकण लगेच घट्ट लाव.

मात्र एक फरक धर. "आज सणाचा दिवस, एक वाढी भात जास्त चालंल," हे जे वाटतं, ते मन नव्हे, ती जीभ आहे. आपला आंबेमोहर शिजताना घरभर जो वास सुटतो, त्यापुढे माझाही निग्रह टिकत नाही, पण त्याला अंतर्मनाचा कौल म्हणू नये. मन घाबरवून जागं करतं, जीभ गोंजारून झोपवते. जो आवाज म्हणतो 'जरा थांब, बघ', तो ऐकावा. बाजारातल्या त्या पुडीवाल्याने 'इंग्रजी गोळ्या सोडा, महिन्यात साखर जाईल' म्हटलं, तेव्हा तू पुडी परत केलीस, कारण त्याने तुला एकही प्रश्न विचारला नाही. किती अचूक पारख! अशा काही पुड्यांत साखर उतरवणाऱ्या इंग्रजी गोळ्यांचीच भुकटी मिसळलेली सापडलेली आहे.

दवाखान्यात इन्सुलिन सुरू केलं तेव्हा मात्र तुझं मन तुला घाबरवत होतं आणि तिथे ते चुकत होतं. सुई लागली म्हणजे शेवट आला, असं तू पणजीकडून ऐकलं होतंस. पण सुईची गोष्ट नेमकी उलटी आहे. आपल्या मुळशीत धरणाविरुद्ध सेनापती बापटांचा सत्याग्रह उभा राहिला तो १९२१ साली. त्याच वर्षी कॅनडात टोरंटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढलं, आणि जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मधुमेही मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. त्याआधी त्या मुलासारखी मुलं उपाशी ठेवून थोडे दिवस जगवायची, एवढंच डॉक्टरांच्या हाती होतं. जंतुसंसर्ग असताना इन्सुलिन देतात ते जखम भरावी म्हणून. तुझी भरली. उद्या पुन्हा वेळ आली आणि वीज गेली, तर वापरातली बाटली ओल्या वाळूत ठेवलेल्या कोरड्या मडक्यात राहील. चुलीच्या फळीवर नको आणि बर्फाला चिकटूनही नको.

शेवटची गोष्ट लिहायला हात जड होतो, पण लिहिते. नसा बधिर झालेल्या माणसाला हृदयविकाराचा झटकाही छातीत कळ न येता येऊ शकतो. नुसता दम लागतो, गार घाम फुटतो, मळमळतं, जबडा किंवा पाठ भरून येते. आपल्याकडे लगेच म्हणतात, पित्त झालंय, सोडा दे. आजोबांच्या वेळी आपण तेच म्हणालो होतो. रोजच्या चढावर अचानक दम लागला, नेहमीच्या पित्तासारखं वाटलं नाही, तर कोणाची परवानगी न मागता १०८ ला फोन लावायचा. खोटा ठरला तर ठरू दे. गाडी येऊन रिकामी परत गेली म्हणून कोणाचं काही बिघडत नाही.

काकांना हे पत्र मोठ्याने वाचून दाखवायला सांग, सुनेलाही बसव. ती तुझ्याइतकीच मनाने हुशार आहे, फक्त बोलायला भिते.

लावणी कुठल्या दिवशी धरताय ते कळव. मी चार दिवसांची रजा टाकली आहे. मुठी बांधायला बसेन आणि संध्याकाळी तुझे दोन्ही पाय मांडीवर घेऊन हात लावून बघेन. त्याआधी काही वाटलं तर फोन कर, रात्री कितीही वाजले असले तरी. या वेळी 'झोप' म्हणणार नाही. निघते, म्हणेन.

तुझी भाची